शेवटाला पाच गुण

एमिल डुडाशला पुरलं त्या दिवशी माजी सैनिकांच्या क्लबातून एकही माणूस आला नाही. बंदुकांची सलामी नाही, बिगूल नाही. व्हिएतनामहून मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन आलेला, पुढे पन्नासच्या वर वर्षं आमच्या ब्रिग्ज लँडिंगच्या रस्त्यांवरून लंगडत फिरलेला माणूस, आणि त्याच्यासाठी सात बंदुका जमल्या नाहीत. का, तर तो एकदा राष्ट्रगीताला बसला. वर पुन्हा त्याला बसायला बर्निस टॉलिव्हरने शिकवलं, असं गावभर झालं.

बर्निस टॉलिव्हर म्हणजे मी. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं चादरी धुतल्या, तिथली युनियन उभी केली, आणि पोलादाचा कारखाना बंद करून मालक निघून गेले त्या वर्षापासून मी राष्ट्रगीताला उभी राहत नाही. हे मी कोणापासून लपवलेलं नाही. एमिलला मी शिकवलं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं. मी नाही शिकवलं. तो का बसला हे फक्त मला माहीत आहे, आणि क्लबाच्या भिंतीवरून त्याचा फोटो उतरवणाऱ्यांनी ते एकदा वाचावं म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे मे महिन्यातल्या एका शनिवारी बेसबॉलच्या मैदानावर गिटारवाल्यांची स्पर्धा होते. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या सामन्याआधी राष्ट्रगीत कोण वाजवणार ते ठरवायला. पंधरा-सोळा जण येतात आणि प्रत्येक जण तेच एक गीत वाजवतो. म्हणजे लोकांनी पंधरा-सोळा वेळा उठायचं, टोप्या काढायच्या, उजवा हात छातीवर ठेवायचा, संपलं की बसून हॉटडॉगचा एक घास घ्यायचा, की पुढचा गिटारवाला तयार. दहाव्याच्या पुढे म्हाताऱ्यांचे गुडघे बोलायला लागतात. पण मध्येच बसायची कोणाची टाप नाही, आणि जागचं हलायचीही नाही. परीक्षकांनाही तेच. उजवा हात छातीवर असल्यावर गुण लिहिणार कशाने? डोक्यात ठेवायचं आणि मधल्या अर्ध्या मिनिटात भराभर उतरवायचं.

आधी तिन्ही परीक्षक क्लबातलेच असायचे. मी त्यावर तीन सभा उधळल्या. शेवटी समितीचा अध्यक्ष वॉरन स्ट्राउड, ज्याचं फर्निचरचं दुकान आहे, मला म्हणाला, "बर्निस, हो बाई परीक्षक. पण तू उभी राहणार नाहीस, तेव्हा तुझी खुर्ची खांबाच्या आड."

"खांबाआडून ऐकू येतं," मी म्हटलं. "मला तुझ्यासारखं मिरवायला थोडंच यायचंय?"

तर मी खांबाआड बसून सगळा वेळ लिहीत असे. म्हणून माझे कागद सगळ्यांत भरलेले. दुसरी परीक्षक मिस ऑड्रा पेनिंग्टन, शाळेच्या बँडची शिक्षिका. तिच्याकडे घड्याळ असायचं. आणि मुख्य परीक्षक एमिल.

सेकंड स्ट्रीटवर त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी टीव्ही, मग टीव्ही कोणी दुरुस्त करेनासं झालं तेव्हा गिटारचे अँप्लिफायर. नुसत्या गुणगुणीवरून कुठला व्हॉल्व्ह गेलाय ते तो सांगायचा. लग्न केलं नाही. गॅलरीत टोमॅटो लावायचा आणि ते आम्हाला वाटायचा. त्याची एक सवय सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती: कुठलाही प्लग भिंतीत लावला की तो तांब्याच्या तारेने बांधून टाकायचा. दुकानातले सगळे प्लग बांधलेले. स्पर्धेच्या सकाळीही गुडघ्यावर बसून मैदानातला एकेक प्लग बांधत फिरायचा. "अरे, पळून जाणार आहेत का ते?" मी विचारायचे. "निघतात गं," म्हणायचा. "निघतात."

पण कान! तसा कान मी पाहिला नाही. गावचा दंतवैद्य दरवर्षी यायचा आणि एकही सूर न सांडता स्वच्छ वाजवायचा. एमिल म्हणायचा, "इस्त्री केलेला शर्ट आहे. आत माणूस नाही." बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा टायलर नावाचा धिप्पाड गडी दोन्ही हातांनी इतक्या वेगात वाजवायचा की गीत सुरू कधी झालं तेच कळू नये. "याला घरी जायची घाई आहे. जाऊ दे त्याला घरी." एक जण दरवर्षी उंच सुराला डोळे मिटून रडायचा. "रडतोय तो, गिटार नाही." आणि एका वर्षी नदीपलीकडच्या एका ट्रकवाल्याने काचेची नळी बोटात घालून ते इतकं हळू, चर्चमधल्या गाण्यासारखं वाजवलं की पॉपकॉर्नवाल्याने यंत्र बंद केलं. एमिलने त्याला तालाला चारच दिले. "हात सुंदर. ताल हरवला. सुंदर असलं म्हणून हरवलेलं सापडत नाही."

गुणांचे पाच रकाने होते, प्रत्येकाला दहापैकी गुण. सूर, ताल, हात, मान, शेवट. मान म्हणजे देशाचा मान. तो कानाने कसा मोजायचा यावर माझं आणि स्ट्राउडचं दरवर्षी वाजायचं. आणि टेबलावर एक लाल दांड्याचा खटका होता. एका वर्षी कोणीतरी नऊ मिनिटं वाजवत बसला, लोक नऊ मिनिटं उभे, दोन बायका घेरी येऊन पडल्या. त्यानंतर स्ट्राउडने तो बसवून घेतला: मुख्य परीक्षकाने ओढला की वादकाची वीज बंद. वेळ संपली तर, किंवा अपमान झाला तर. एमिलने त्याला कधी हात लावला नाही. त्याच्यावर स्वतःची टोपी ठेवायचा.

मी कागद जपून ठेवते. स्ट्राउडवर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून सगळ्यांच्या गुणांच्या नकला माझ्याकडे बुटाच्या खोक्यात. त्या वर्षी एप्रिलमध्ये, काहीतरी शोधताना, अकरा वर्षांचे एमिलचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि माझं डोकं फिरलं. शेवटाच्या रकान्यात पाच. दंतवैद्याला पाच, टायलरला पाच, ट्रकवाल्याला पाच. अकरा वर्षं, दीडशेच्या वर वादक, आणि सगळ्यांना शेवटाला पाच.

खोकं काखोटीला मारून दुकानात गेले.

"हे काय आहे, एमिल? एवढा कानाचा राजा, आणि शेवट आला की झोपतोस?"

त्याने हातातली सोल्डरची सळई खाली ठेवली. मला वाटलं थट्टेवारी नेईल.

"मला शेवट ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"कान तपासून घे मग."

"कान ठीक आहेत. गीतात आकाशात फुटणाऱ्या तोफगोळ्यांची ओळ येते ना, तिथे टप् असा आवाज होतो. त्यापुढे काही नाही. बोटं हलताना दिसतात. संपलं की लोकांच्या टाळ्या पुन्हा ऐकू येतात."

"कधीपासून?"

"एकोणसत्तरपासून."

मग त्याने सांगितलं. त्याला लिओ नावाचा धाकटा भाऊ होता हे मला माहीत होतं. तो लढाईत गेला, एवढंच. एकोणसत्तरच्या ऑक्टोबरात एमिल काठी टेकत घरी आला, त्याला बारा दिवस झाले होते. शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा मोठा सामना. सतरा वर्षांचा लिओ गिटारवर राष्ट्रगीत वाजवणार होता. आई म्हणाली, गणवेश घाल, लिओला बरं वाटेल. एमिल गणवेशात कुंपणापाशी उभा राहिला. नेमका तिथे, जिथे लिओच्या अँपची लांब वायर खांबावरच्या प्लगला लावलेली होती.

"ओळ आली आणि लिओने तो आवाज काढला," एमिल म्हणाला. "गोळा वरून येतानाची शीळ. लोक ओरडायला लागले, अपमान, अपमान. त्यांना वाटलं चेष्टा करतोय. बर्नी, तो आवाज चुकीचा नव्हता. तो बरोबर होता. तिथे न जाता त्या पोराने तो कुठून आणला देव जाणे. शीळ संपली की पुढे काय येतं ते मला माहीत होतं. आणि माझा हात गेला. मी नाही पाठवला. गेला."

"आणि?"

"टप्. प्लग माझ्या हातात. सगळे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला. गणवेशातल्या मला. लिओ थांबला नाही. वीज नाही, आवाज नाही, तरी शेवटपर्यंत वाजवत राहिला. मी त्याची बोटं बघत होतो."

घरी जाताना लिओने एकच विचारलं होतं: आवाज चुकला का रे दादा? एमिलने उत्तर दिलं नाही. अठरा पूर्ण होताच लिओने सैन्यात नाव घातलं. तिकडून त्याचं एक पत्र आलं. एमिलने ते मला दाखवलं, जाड काचेच्या बरणीत, स्क्रूंच्या खाली ठेवलेलं. आईसाठी चार ओळी, आणि खाली: *दादा, आवाज बरोबर होता. मी जरा उंच लावला होता, एवढंच.* तीन आठवड्यांनी दारात दोन अधिकारी आले.

मी खोक्याचं झाकण लावलं.

"म्हणून मी उभा राहतो तेव्हा हात छातीवर असतो ते बरं आहे," तो म्हणाला. "सगळ्यांना वाटतं मान देतोय. मी त्याला दाबून धरलेला असतो."

तेव्हा मला त्याच्या शर्टांची आठवण झाली. डाव्या खिशाचं बटण नेहमी तुटलेलं असायचं.

मे लागला आणि केंड्रा माटोस दुकानात आली. कोंबड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, तेवीस-चोवीसची, मनगटाला पट्टा. तिचा जुना अँप गुरगुरत होता. एमिलने तो उघडला, साफ केला, दोन व्हॉल्व्ह बदलले आणि म्हणाला, "वाजवून बघ."

"काय वाजवू, मिस्टर डुडाश?"

"जे वाजवायला येणार आहेस ते."

मी तिथे टोमॅटोची रोपं न्यायला गेले होते. तिने सुरू केलं. सुरुवात साधी, जवळजवळ संकोचून. मग ती ओळ आली, आणि तिने तारेवरून बोट वर नेऊन खाली सोडलं, आणि दुकानाच्या काचा थरथरल्या. शीळ. एमिलने उजवा हात डाव्या हाताने धरला. काउंटरच्या खाली, तिला दिसणार नाही असा.

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. माझा मामा तिकडच्या वाळवंटातल्या लढाईवरून आलाय. झोपेत तोंडाने हा आवाज काढतो." तिने विचारलं, "चुकीचा आहे का?"

एमिलने काउंटरखालचा हात सोडला. "नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

एवढं एक उत्तर द्यायला त्याला अठ्ठेचाळीस वर्षं लागली होती, हे त्या पोरीला काय माहीत.

गावात भिंतींनाही स्ट्राउडचे कान असतात. दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर. ते वर्ष कसं होतं आठवा: गीताला कोण उभं राहतं आणि कोण बसतं यावरून देशभर लोक एकमेकांवर खार खाऊन होते.

"तिला नावच नोंदवू देणार नव्हतो," स्ट्राउड म्हणाला. "पण मग बर्निस पाट्या घेऊन दारात बसेल."

"बसेनच," मी मागून म्हटलं.

"तू इथेही आहेस का? बरं. एमिल, सरळ सांगतो. तिने तो गोंगाट केला की खटका ओढायचा. आणि टोपीबिपी नको. तिच्या वेळेला उजवा हात छातीवर नाही, खटक्यावर. सगळ्यांना दिसू दे. तू गणवेश घातलेला माणूस आहेस, तू ओढलास की कोणी काही बोलणार नाही. तू एकदा केलंयस ते. माझे वडील सांगायचे, सगळं मैदान उभं राहिलं होतं म्हणून."

एमिल सोल्डरच्या धुराकडे बघत राहिला. स्ट्राउड गेल्यावर मी तोंड सोडलं. "राजीनामा फेक त्याच्या तोंडावर! नाहीतर मी फेकते तुझ्या वतीने!"

"मग मुख्य परीक्षक कोण होईल? स्ट्राउडच ना?" तो म्हणाला. "तो तर हसत ओढेल. मी असलो तर निदान प्रश्न आहे."

"कसला प्रश्न? तू नाही म्हणालास की नाही."

"मी नाहीच म्हणेन, बर्नी. हात काय म्हणेल ते मला ठाऊक नाही."

त्या शनिवारी ऊन कडक होतं. केंड्राचा नंबर अकरावा. तिच्या आधीच्या दहांना एमिलने नेहमीसारखे गुण दिले. शेवटाला पाच, पाच, पाच. अकरावं नाव पुकारलं आणि स्ट्राउड मुद्दाम आमच्या टेबलाशेजारी येऊन उभा राहिला. एमिलने टोपी उचलून बाजूला ठेवली. उजवा हात लाल दांड्यावर ठेवला. मला खांबाआडून त्याचा हात आणि मान एवढंच दिसत होतं. मानेवर घाम.

तिने सुरू केलं. सगळं मैदान उभं, हात छातीवर. वाऱ्याने ध्वजाची दोरी खांबावर आपटत होती. ओळ आली. शीळ निघाली, दुकानात होती त्याहून लांब, वरून खाली, आणि वरच्या रांगांतून "ए! ए!" असे आवाज आले. एमिलची बोटं दांड्याभोवती आवळली. मी पाहिलं. दांडा अर्धं बोट मागे सरकला. मी उठलेच असते. त्या क्षणी मी उभी राहिले असते, राष्ट्रगीत चालू असताना, आयुष्यातली सगळी ताठरता सोडून.

पण एमिलने तो हात झटकन काढला, जसा कोणी तव्यावरून काढतो, आणि मांडीखाली घेतला. आणि त्यावर बसला. सगळ्या वजनानिशी, खुर्चीच्या लाकडावर, हाताच्या वर.

तीन हजार माणसं उभी आणि मुख्य परीक्षक बसलेला.

स्ट्राउडचा चेहरा बिटासारखा झाला. खटका त्याच्यापासून दोन हातांवर होता. पण गीत चालू होतं, त्याचा हात छातीवर होता आणि सगळं गाव बघत होतं. हलला असता तर त्याचाच अपमान मोजला गेला असता. तो दातांतून फुसफुसत राहिला, "एमिल! ऊठ! अरे ऊठ!" मला त्याही स्थितीत हसू आलं हे कबूल करते. मागून कोणीतरी कागदाचा पेला भिरकावला. तो एमिलच्या खांद्याला लागला, सोडा शर्टावर पसरला. त्याला पत्ता नव्हता. त्याने मान जरा तिरकी केली होती, दुकानात अँप ऐकताना करायचा तशी.

केंड्रा थांबली नाही. शेवटचा सूर तिने इतका लांबवला की पार्किंगमधलं कुत्रं भुंकायला लागलं.

मग जे झालं ते गावाने पाहिलं आहे. अर्धे लोक ओरडत होते, अर्धे टाळ्या वाजवत होते. स्ट्राउडने तिथेच जाहीर केलं की एमिल डुडाश यापुढे परीक्षक राहणार नाही. केंड्राला चौथा नंबर मिळाला. सोमवारी क्लबाच्या भिंतीवरचा फोटो उतरला. त्यानंतर पाच वर्षं एमिल जगला, आणि क्लबाचं दार त्याच्यासाठी उघडलं नाही. त्याने एकदाही खुलासा केला नाही. मी करायला निघाले की म्हणायचा, "तुझ्या बाजूचा आहे असं वाटतंय ना त्यांना? वाटू दे. त्यापेक्षा वाईट बाजू असतात." शर्टाची बटणं मात्र नंतर टिकायला लागली.

पण त्या गोंधळात, स्ट्राउडने कागद काढून घेण्याआधी, अर्धं मिनिट मिळालं होतं. मिस ऑड्रा घड्याळ बघत होती. एमिलने मांडीखालून हात काढला. बोटांवर खुर्चीच्या फळ्यांचे वळ उमटले होते. पेन धरता येत नव्हतं, तरी त्याने सूर, ताल, हात, मान भरलं. मानाला दहा. मग शेवटाच्या रकान्यात पेन थांबलं, आणि त्याने हळूच चार लिहिले.

"चार?" मी वाकून म्हटलं. "ऐकलंस तू? शेवट ऐकलास?"

"ऐकला. सगळा."

"मग चार कशाला, मेल्या? कुत्रं भुंकेपर्यंत लांबवला तिने!"

"लांबवला?" त्याने माझ्याकडे पाहिलं. सोडा त्याच्या बाहीतून टेबलावर ठिबकत होता. "नाही गं. घाई केली. शेवटच्या दोन सुरांना नेहमी घाई करायचा तो. किती वेळा सांगितलं होतं त्याला."

माझ्या हातावरचे केस उभे राहिले होते, त्या उन्हात.

त्याने मैदानाकडे पाहिलं. केंड्रा खाली बसून प्लगची तांब्याची तार सोडवत होती. त्याने चारावर रेघ मारली.

"तिचा मी ऐकलाच नाही," तो म्हणाला. "तिला पाच दे."